बाकावर शेजारी कोण

"मावशी, मला येशू पाहिजे, चर्च नको," असं माझा भाचा म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालणं मला जड जातं. तो अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, रोज सकाळी बायबल वाचून घराबाहेर पडतो, आणि कुणाच्या अडीनडीला हाक मारली की धावून जातो. चर्चवरचा त्याचा राग आळशी माणसाचा राग नाही. त्यानं डोळ्यांनी पाहिलंय ते हे: एकाच चर्चमध्ये दोन कमिट्या, दोघांचे वेगळे शिक्के, नाताळच्या सकाळी फाटकाशी पोलीस बंदोबस्त आणि आत 'पृथ्वीवर शांती' गाणारी मुलं. ज्यांनी लहानपणी त्याला कडेवर घेतलं ती दोन घरं त्या भांडणापायी एकमेकांच्या मयतीलाही गेली नाहीत. मग त्यानं चर्च सोडलं, यात नवल काय?

मी नाशिकचीच. शरणपूरच्या बाजूला वाढले, चर्चच्या आवारात लगोरी खेळले, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून रंगीत चित्रांची कार्डं मिळवली आणि पुढे बरीच वर्षं त्याच वर्गात मुलांना शिकवलं. चर्चनं माणसं कशी तोडली, हे मला भाच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी माझं मत त्याच्या उलट आहे. ते का, हे त्याला जेवणाच्या ताटावर धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

शरणपूरपासूनच सुरुवात करते. आज शरणपूर म्हटलं की लोकांना शरणपूर रोड आठवतो, दवाखाने, दुकानं, कॅनडा कॉर्नरची गर्दी. पण ही मुळात चर्च मिशनरी सोसायटीनं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळींच्या मिशननं, १८५०च्या दशकात गावाबाहेर वसवलेली वस्ती. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरातून, भावकीतून, पाणवठ्यावरून हाकललेली माणसं आणि आईबाप नसलेली पोरं यांना डोक्यावर छप्पर आणि हाताला काम मिळावं, हा तिचा हेतू. सुतारकाम, लोहारकाम, शेती तिथं शिकवत. रेव्हरंड प्राइस हे या वस्तीचे कर्ते.

याच वस्तीत आफ्रिकन मुलं शिकत होती, हे नाशिककरांनाही फारसं माहीत नसतं. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली मुलं मुंबई बंदरात उतरवली जात, आणि सरकार त्यांतली काही मिशनच्या हवाली करी. अशी पूर्व आफ्रिकेच्या वेगवेगळ्या जमातींतली, एकमेकांची भाषाही न समजणारी मुलं गोदाकाठच्या या गावी येऊन पोचली आणि इथल्या मराठी पोरांच्या शेजारी बसून धडे गिरवू लागली. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. नंतर त्याच्या मदतीला जी तुकडी गेली तिच्यात आणखी काही होती. त्यांतला एक जेकब वेनराइट.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच एका झाडाखाली पुरलं, देह उन्हात सुकवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. काळीज पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबनं. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. पुढे तो त्या देहाबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीच्या दोन्ही बाजूंना मानानं चालणाऱ्यांत तोही होता.

मला त्या झाडाखालच्या प्रार्थनेचं राहून राहून वाटतं. तो गुलाम म्हणून पकडला गेलेला पोरगा. त्याच्या भोवती वेगवेगळ्या मुलखांतले हमाल आणि नोकर, काही मुसलमान, काही आपापल्या कुळाच्या देवांना मानणारे, आणि समोर एका स्कॉटिश माणसाचा मृतदेह. अशा वेळी कुणीतरी पुढं होऊन म्हणावं असे शब्द लागतात. जेकबकडे ते होते, कारण एका संघटित चर्चनं, तिच्या शाळेनं, तिच्या छापील प्रार्थनेच्या पुस्तकानं ते त्याच्या हाती दिले होते. तीच प्रार्थना त्या काळी यॉर्कशरच्या खेड्यात आणि नाशिकच्या दफनभूमीतही म्हटली जात होती.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. १८७४-७५ मध्ये त्याच मिशननं मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत काढली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचं नाव फ्रिअरटाउन. ती उभी करायला प्राइससाहेबच गेले, आणि नाशिकची आफ्रिकन मंडळी तिकडे हलवली गेली. कागदावर ते मायदेशी परतणं होतं. पण लहानपणीच पळवून आणलेल्या माणसाला त्या किनाऱ्यावर ओळखणारं कोण उरलं होतं? तिथं त्यांना नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन'. म्हणजे तिथंही ती बाहेरचीच ठरली. शरणपूरच्या सुतारशाळेत ज्यांनी एकत्र रंधा मारला त्यांची ताटातूट ज्या समितीनं केली, त्या समितीच्या बैठकीत यांच्यापैकी कुणी बसलं असेल असं मला वाटत नाही. माणसं एका छताखाली आणण्याची ताकद जिच्याकडे होती, त्यांना उचलून दुसरीकडे ठेवण्याची ताकदही तिच्याकडेच होती. भाच्याचा राग खरा आहे तो इथं.

आता टिळकांकडे येते. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुऊन घ्यावी लागे. अशा घरातल्या मुलीचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. ही बाई काही वर्षं वेगळी राहिली, मग नवऱ्याकडे गेली, पण आपलं सोवळं सांभाळून. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न तिनं स्वतःच स्वतःला विचारला, स्वतःच उत्तर काढलं, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी ती प्यायला लागली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मराठी ख्रिस्ती बायकांना तिचा अभिमान वाटतो तो यासाठी, की तिला कुणी ओढून नेलं नाही.

टिळक मात्र चर्चच्या चौकटीत रमले नाहीत. मिशनऱ्यांच्या पगारावर चालणारा, विलायती चालींवर गाणारा ख्रिस्ती धर्म त्यांना परका वाटायचा. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन चर्चमध्ये आणलं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कुणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात यावा ही त्यांची कल्पना. माझ्या भाच्याला हवं आहे ते नेमकं हेच. त्याच्या शंभर वर्षं आधी, त्याच्याहून कितीतरी मोठ्या माणसानं, कितीतरी मोठ्या मनानं ते करून पाहिलं.

मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची पदं. ती कुठं टिकली? चर्चच्या ज्या मंडळ्यांच्या, म्हणजे सभासदांच्या समुदायांच्या, चौकटीला ते विटले होते त्याच मंडळ्यांत. त्यांच्याच गीतांच्या पुस्तकांत, दर रविवारी पेटी-तबल्यावर, सूर लागो न लागो, पिढ्यान्‌पिढ्या ती म्हटली गेली. कुणीतरी पुस्तकं छापली, कुणीतरी जुनी फाटली की वर्गणी काढून नवी आणली, कुणीतरी शनिवारी संध्याकाळी क्वायरच्या पोरांना चाल बसवून दिली. या कामाला संस्थेशिवाय दुसरं नाव नाही. मला टिळक फार प्रिय आहेत, आणि म्हणूनच हे सांगताना बरं वाटत नाही, पण दरबार जिवंत ठेवायला टिळक लागत होते आणि पदं जिवंत ठेवायला साधी मंडळी पुरली.

माझी आई नगरची. नगर म्हणजे मिशनांचं माहेरघर. तिथं अमेरिकन मराठी मिशन होतं, काँग्रिगेशनल पंथाचं, बिशप न मानणारं. आणि एसपीजी, म्हणजे सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल, हे मिशन होतं, अँग्लिकन, बिशपवालं. लोक आजही एकमेकांना 'अमेरिकन मिशनवाले' आणि 'एसपीजीवाले' म्हणतात. इंग्लंडमध्ये कोण्या राजाच्या काळात कशावरून फाटलं, याच्याशी नगरच्या माणसाचा काय संबंध? पण ते भांडण जहाजातून इथं उतरलं आणि एका गल्लीतली दोन घरं दोन चर्चना जायला लागली.

आणि खाली आमचं स्वतःचं होतंच. ते कुठल्या जहाजातून आलं नाही. महारांतून आलेले ख्रिस्ती आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती एका चर्चमध्ये बसायचे, एक गाणं गायचे, आणि सोयरीक म्हटली की तोंड फिरवायचे. आजही मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा चहा संपता संपता एक प्रश्न येतो: "तुम्ही मूळचे कुठले?" गावाचं नाव सांगितलं तरी समाधान होत नाही. "नाही, पण मूळचे?" माझ्या लग्नाच्या वेळी हा प्रश्न आला होता. आई ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बेथलेहेमचे." पाहुणे हसले, आई हसली नाही. ते स्थळ जुळलं नाही, आणि आईला त्याचं कधीही वाईट वाटलं नाही.

ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलंय आणि ते आम्ही वाचायला हवं. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसांनी तो वर्षानुवर्षं लढवला आणि दार उघडलंच नाही, त्या नाशिकला देवघराचं बंद दार काय करतं हे शिकवायची गरज नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. येवला आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा निरनिराळे धर्म त्यांना आपल्याकडे बोलावत होते, ख्रिस्तीही. ते आमच्याकडे आले नाहीत. आमची दारं उघडी होती, पण आत बाकांवर काय चाललं होतं ते त्यांना दिसत होतं. वर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातींतून बाहेर ठेवलं. पुढं शीख आणि बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे सरकारच्या लेखी आमच्यात जात नाही आणि पाहुण्यांच्या लेखी आहे.

एवढं सगळं असूनही मी चर्चच्या बाजूनं बोलते, त्याचं एक मोठं कारण २९ नोव्हेंबर १९७० हे आहे. त्या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळी चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमच्या बोलीत सीएनआय, जन्माला आलं. अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांचं संयुक्त चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट होते, डिसायपल्स होते. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. एक्केचाळीस वर्षं! अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. दक्षिणेत असंच एकत्र आलेलं चर्च ऑफ साउथ इंडिया, सीएसआय, १९४७ मध्येच झालं होतं.

लोकांना वाटतं हे वरच्या साहेबांचं कागदी काम. पण त्यात सोडवायचे प्रश्न पाहा. बिशप असावा की नसावा? एकानं दीक्षा दिलेला पाळक दुसऱ्यानं पाळक मानावा का? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बाप्तिस्मा. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, कळत्या वयात स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केल्यावरच. या एका मुद्द्यावर युरोपात माणसं बुडवून मारली गेली आहेत. इथं दोन्ही मान्य झाले. ज्याला बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यानं तो घ्यावा, ज्याला नको त्यानं बाळाचं समर्पण करावं आणि बाळ मोठं झाल्यावर ते स्वतः बाप्तिस्मा घेईल. कुणी कुणाला खोटं ठरवायचं नाही. सतराव्या शतकातल्या कुणाला हे सांगितलं असतं तर पटलं नसतं. नगरच्या अमेरिकन मिशनवाल्यांच्या आणि एसपीजीवाल्यांच्या घरांत पुढे एकाच बिशपच्या सहीचं पत्रक जायला लागलं.

आणि हे कुणी केलं? चर्च नको म्हणणाऱ्यांनी नाही. ते बैठकीला येतच नाहीत. कमिटीत बसून, इतिवृत्त लिहून, मसुद्याला दुरुस्त्या सुचवून, चिडून, परत येऊन, म्हातारं होऊन ज्यांनी ते रेटलं त्यांनी केलं. ज्याला संस्था नाही तो कुणाशी एक होणार? दोन मोकळी माणसं भेटतात, गोड बोलतात आणि आपापल्या घरी जातात.

सीएनआयचं पुढं काय झालं तेही झाकून ठेवणार नाही. मनं जुळली की जमिनी जुळतात असं नसतं. मिशनांच्या जागा, शाळा, दवाखाने, बंगले वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर होते आणि त्यांच्यावरून जागोजाग खटले झाले. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसत्या ठरावानं नोंदलेली संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. कायद्यानं ते बरोबरच असेल. पण त्यातून प्रत्येक असंतुष्ट गटाला वकील सापडला. आमच्याकडे ट्रस्टी बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दुसरा गट त्याला हरकत घेतो, तारखा पडत राहतात. मी एक पाळक असे पाहिले आहेत की आठवड्यातले दोन दिवस ते कोर्टाच्या व्हरांड्यात असायचे आणि रविवारी बोध द्यायला उभे राहिले की त्यांना काय बोलावं सुचायचं नाही. माणूस सज्जन होता. त्याच्या थकलेल्या चेहऱ्यानं किती तरुण पोरं दुरावली, याचा हिशेब कुठल्या ट्रस्टच्या ताळेबंदात नाही.

कॅथोलिकांबरोबरची भिंत वेगळी. माझ्या मामेबहिणीनं कॅथोलिक मुलाशी लग्न केलं. बिशपांची परवानगी घ्यावी लागली. मुलं कॅथोलिक श्रद्धेत वाढवायला आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं मुलानं वचन दिलं. फादर प्रेमळ होते, त्यांनी आमच्या पाळकसाहेबांना वेदीजवळ खुर्ची दिली, वचन वाचायला बोलावलं. पण मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा अर्धं चर्च उठून रांगेत उभं राहिलं आणि आम्ही मुलीकडचे, कॅथोलिक नसल्यामुळे, बसून राहिलो. मामी नवीन पैठणी नेसून पहिल्या बाकावर होती. तिचा नवा जावई तिच्यासमोरून पुढं गेला आणि परत आला. मामी मला हळूच म्हणाली, "लग्नाचं जेवण चालतं ना गं यांना आपल्याबरोबर?" चालत होतं. पंगतीत सगळे एकत्र बसले. ते दुःख मी अजून गिळलेलं नाही, आणि कुणी मला त्यामागचं धर्मशास्त्र समजावून सांगितलं तरी गिळणार नाही. कळतं मला ते. पटत नाही.

मग माझं म्हणणं काय आहे?

माझ्या बाकावर माझ्या डावीकडे प्रेसमधून रिटायर झालेले एक काका बसतात. नोटांच्या छपाईत आयुष्य गेलं, आता कानाला कमी ऐकू येतं आणि प्रत्येक गीत ते सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून म्हणतात. उजवीकडे चार घरी धुणीभांडी करणारी एक बाई, तिच्या मांडीवर नातू. पुढच्या बाकावर एक डॉक्टर, ज्यांचे राजकीय विचार ऐकून माझं डोकं दुखतं. मी यांतल्या कुणालाही स्वतःहून घरी चहाला बोलावलं नसतं. मैत्रिणी मी निवडल्या, पुस्तकं निवडली, नवरासुद्धा निवडला. ही माणसं निवडली नाहीत. पण गेली कित्येक वर्षं दर रविवारी 'प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो' म्हणत मी यांचे हात हातात घेते. कुणाचा हात खरखरीत आहे, कुणाचा थरथरतो, कुणाचा या आठवड्यात जास्त गरम आहे, हे मला कळतं.

माझ्या वडिलांचं आणि एका शेजाऱ्याचं कुंपणाच्या भिंतीवरून वाकडं आलं होतं. बोलणं बंद. दोघं एकाच चर्चचे सभासद. त्या शेजाऱ्याची बायको आजारी पडली तेव्हा पाळकसाहेबांनी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं आणि सगळ्या मंडळीबरोबर वडिलांना 'आमेन' म्हणावं लागलं. पुढच्या रविवारीही, त्याच्या पुढच्याही. प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्याशी दोघं एकदा शेजारी शेजारी आले. वडिलांनी गुडघे टेकले होते. शेजाऱ्याला जागा कमी पडत होती. वडिलांनी त्याच्याकडे न बघता कोपर आत घेतलं आणि थोडे सरकले. प्याला आधी वडिलांकडे आला, पाळकांनी फडक्यानं काठ पुसला, मग तोच प्याला त्याच्याकडे गेला. भिंतीचा वाद काही मिटला नाही, ती भिंत अजून तशीच वाकडी आहे. पण त्या आठवड्यात आईनं त्या घरी डबा नेला आणि वडिलांनी तिला अडवलं नाही. दोघांनी चर्च सोडून आपापल्या आवडीच्या माणसांत प्रार्थना केली असती तर तो प्याला दोघांमध्ये आलाच नसता.

भाचा जातो त्या फेलोशिपला मी गेले आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, गिटार, ड्रम, भिंतीवर टीव्हीचा मोठा पडदा. त्यांची प्रार्थना ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाच्याची बायको बाळंत झाली तेव्हा तिथल्या पोरींनी महिनाभर आळीपाळीनं जेवण पोचवलं. आमच्या महिला मंडळानं हे शिकावं. पण हॉलमध्ये नजर फिरवली तेव्हा सगळे साधारण एका वयाचे, एका पगाराचे, एकाच तऱ्हेनं बोलणारे दिसले. अर्धी ओळ मागून गाणारे काका तिथं नाहीत. धुणीभांडी करणारी बाई नाही. कुणी त्यांना हाकललेलं नाही, ती फक्त तिथं नाहीत. आणि दोन ब्रदरांचं पटेनासं झालं तेव्हा एका रात्रीत व्हॉट्सअॅप ग्रुप दोन झाले, हॉल दोन झाले. कोर्ट नाही, तारखा नाहीत, चेंज रिपोर्ट नाही. इतकं सहज तुटलं. आमचं भांडण कुरूप आहे ते आम्हाला एकमेकांपासून सुटता येत नाही म्हणून. दुरुस्तीला जागा राहते तीही त्यामुळेच.

म्हणून मी असं मानते की संघटित चर्च माणसं जोडतं ते सारख्यांना एकत्र आणून नव्हे. जे एरवी एकमेकांकडे पाहणार नाहीत त्यांना ते एका यादीत, एका बाकावर, एका प्याल्याशी आणतं. आणि तोडतं तेव्हा ते उलट करत असतं: मूळचे कुठले विचारतं, पंथ विचारतं, ही जागा कुणाच्या नावावर विचारतं, म्हणजे शेजारी निवडू लागतं. फ्रिअरटाउनला पाठवणाऱ्या समितीनंही निवडच केली होती.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेचं उदाहरण लोक मला नेहमी देतात. फेब्रुवारीतल्या त्या शनिवार-रविवारी मुंबई, वसई, गोवा, कुठून कुठून लाखो माणसं येतात, मराठी, इंग्रजी, कोकणी, अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात, हिंदू बाया नवस फेडायला मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात. मीही जाते, प्रॉटेस्टंट असून. सुंदरच असतं ते. पण रविवारी रात्री गाड्या सुटतात आणि ज्यांच्याशी खांद्याला खांदा लावून उभी होते त्यांची नावंही मला माहीत नसतात. मला तिथं जास्त मोलाचं दिसतं ते पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांशी उभं असलेलं स्वयंसेवकांचं टोळकं. वर्षभर बैठका घेणारी, आपसात कुरबुरणारी, आणि तरी दरवर्षी तीच माणसं.

भाच्यानं परत यावं असं मला वाटतं. पण बंदोबस्तातल्या चर्चमध्ये त्याला बोलावायला मला तोंड नाही. म्हणून यंदा पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीला मी अर्ज भरला आहे. निवडून आले तर पहिल्याच बैठकीत मांडायचे तीन ठराव लिहून ठेवलेत. लग्नाच्या चौकशीत 'मूळचे' विचारणाऱ्याला पाळकसाहेबांनी वेदीवरून समज द्यावी. शेजारच्या कॅथोलिक धर्मग्रामाला उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आळीपाळीनं एकमेकांकडे, दोन्ही मंडळ्यांनी मिळून करूया, असं लेखी पत्र द्यावं. आणि दुसऱ्या गटाशी चाललेला खटला मागे घेण्याची बोलणी याच महिन्यात सुरू करावीत, त्यांच्या दोन माणसांना आपल्या बैठकीत बसवून. तिसऱ्या ठरावाला अनुमोदक अजून मिळालेला नाही. प्रेसवाल्या काकांना विचारलंय. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, उद्या परत घरी जाऊन विचारणार आहे.